फुटक्या काचेचे मोल

घंटागाडीतल्या सुक्या कचऱ्यात प्लास्टिकची बाटली दिसली की ती लगेच बाजूला निघते. पुठ्ठा, पत्रा, तांब्याची तार यांनाही भंगाराच्या दुकानात भाव असतो. फुटकी काच मात्र कुणालाच नको असते. ती जड असते, पोते फाडते, हात कापते आणि एवढे सोसून मिळणारा भाव इतका किरकोळ असतो की वाहून नेण्याची मजुरीही सुटत नाही. बिअरची अख्खी बाटली घेणारा भंगारवाला औषधाची फुटलेली बाटली, खिडकीच्या तावदानाचे तुकडे किंवा लोणच्याच्या बरणीचा चुरा घेत नाही. मग हा माल कचरा डेपोवर जातो, नाही तर ओढ्याच्या काठी, घाटातल्या कठड्याखाली आणि समुद्रकिनाऱ्यावर पडून राहतो. काच कुजत नाही, गंजत नाही, विरघळत नाही. तिचे तुकडे होतात, एवढेच. पावसाळ्यात अर्धवट फुटलेल्या बाटलीत पाणी साचते आणि डेंग्यूच्या डासाला तेवढे पाणी पुरते. वर्षभर ती गुरांच्या खुरांत, मुलांच्या पायांत आणि सर्वांत जास्त कचरावेचक बायकांच्या बोटांत शिरते.

ही काच दळून सिमेंटमध्ये किंवा वाळूच्या जागी वापरता येते, ही कल्पना आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. ‘बाटल्यांचा रस्ता’, ‘बाटल्यांची वीट’ अशा बातम्या अधूनमधून येतात. महापालिकेचा एखादा अधिकारी रंगीत काच चमकणाऱ्या पेव्हर ब्लॉकसह छायाचित्र काढून घेतो आणि विषय तिथेच संपतो. त्या कल्पनेत खरोखर दम आहे. पण तो नेमका कुठे आहे, हे समजून न घेता केलेले काम पाच-दहा वर्षांनी तडे जाऊन उघडे पडते. काचेच्या बाबतीत हा धोका काल्पनिक नाही. तो एकदा घडून गेला आहे.

बाटल्यांची आणि खिडक्यांची काच ही मुळात वाळूच. तिच्यात सुमारे ७० ते ७४ टक्के सिलिका असते, बाकी सोडा आणि चुना. शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. सोडा घातल्याने ते काम बरेच खाली आटोपते आणि चुन्यामुळे तयार काच पाण्यात विरघळत नाही. वितळलेला रस झपाट्याने थंड होतो, तेव्हा सिलिकेच्या कणांना स्फटिकाची शिस्तबद्ध मांडणी करायला सवड मिळत नाही आणि ते विस्कळीत अवस्थेतच गोठतात. नदीतल्या वाळूची सिलिका स्फटिकरूप आणि सुस्त असते, काचेतली विस्कळीत आणि म्हणून रासायनिकदृष्ट्या अस्वस्थ. पुढचे सगळे फायदे आणि तोटे या एका फरकातून येतात.

सिमेंटमध्ये पाणी घातल्यावर दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे खडी-वाळूला धरून ठेवणारा कॅल्शियम सिलिकेटचा चिकट गोंद. काँक्रीटची ताकद ती हीच. दुसरा म्हणजे मोकळा चुना, जो ताकदीला फारसा हातभार लावत नाही. आता त्यात काचेची पिठासारखी बारीक पूड घातली, तर तिच्यातली अस्वस्थ सिलिका या मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि आणखी गोंद बनतो. म्हणजे जो चुना वाया जाणार होता, त्याचेच बंधन तयार होते. छिद्रे बुजतात, पाणी आणि खारे क्षार आत शिरायला वाट उरत नाही. किनारपट्टीवर गज गंजून स्लॅबचे ढलपे पडताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या गुणाची किंमत सांगायला नको.

हे तत्त्व अजिबात नवे नाही. नेपल्सजवळच्या पोझुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून रोमन लोकांनी बंदरे आणि घुमट बांधले. त्या गावावरूनच अशा पदार्थांना ‘पोझोलाना’ हे नाव पडले. आपल्याकडचे जुने गवंडी चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, मळत असत. तिचे कामही तेच. आज गोणीवर ‘पीपीसी’ छापलेले जे सिमेंट घराघराला लागते, त्यात औष्णिक वीज केंद्राची राख असते. काचेची पूड याच घराण्यातली, फक्त उशिरा ओळखू आलेली.

आता तोटा. १९४० मध्ये कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागातले अभियंता थॉमस स्टँटन यांनी काँक्रीटच्या एका गूढ आजाराचे निदान प्रसिद्ध केले. काही रस्ते आणि पूल कोणताही जादा भार नसताना नकाशासारख्या भेगांनी फाटत होते. कारण असे की, काही प्रकारच्या खडीतली सिलिका सिमेंटमधल्या अल्कलीशी संयोग पावून एक जेल बनवते. ते जेल पाणी पिऊन फुगते आणि काँक्रीट आतून फाडते. काचेत सिलिका अस्वस्थ आहे आणि सोडाही मुबलक आहे, म्हणजे या आजाराला लागणारे सारे सामान एकाच ठिकाणी. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत काचेचे तुकडे खडीसारखे वापरून झालेल्या प्रयोगांत काँक्रीट फुगले, तडकले, आणि पुढे बराच काळ काचेचे नाव अभियंत्यांनी टाकून दिले.

मग जी काच काँक्रीट फाडते तीच त्याला बळकट कशी करते? उत्तर कणांच्या आकारात आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात क्रिस्तियन मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे तपासले. पांढऱ्या काचेचे कण सव्वा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जाड्या वाळूइतके असतील तेव्हा फुगणे सर्वाधिक होते. कण त्याहून बारीक होत गेले तसे फुगणे कमी झाले. पुरेशी बारीक पूड तर उलट बाकीच्या खडीमुळे होणारे फुगणेही रोखते. बारीक कणांतली सिलिका चुन्याशी संयोग पावून संपते, जेल साठायला जागाच राहत नाही. हिरव्या बाटलीला रंग देणारे क्रोमियमही हा त्रास कमी करते, असे त्याच कामात दिसले. थोडक्यात, काच किती घातली यापेक्षा ती किती बारीक दळली हा प्रश्न मोठा आहे. फुगण्यासाठी ओल लागते, हेही ध्यानात ठेवायला हवे. कोरड्या प्रदेशात खपून गेलेला जाडाभरडा चुरा मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या चार महिन्यांच्या पावसात खपणार नाही. छायाचित्रांतले ते चमकणारे पेव्हर ब्लॉक म्हणूनच सावधपणे पाहावेत. जी काच डोळ्यांना दिसते, तीच बहुधा त्रासाच्या आकाराची असते.

कॅनडातल्या क्युबेक प्रांताने हे काम नीट केले. तिथे मद्यविक्री सरकारी महामंडळाकडे आहे. घरोघरचा सुका कचरा एकत्र गोळा होत असल्याने बाटल्या फुटून, कागद-मातीत मिसळून यायच्या आणि काचेचे कारखाने त्या नाकारायचे. महामंडळाने शेरब्रुक विद्यापीठातल्या संशोधनाला पैसा दिला. प्राध्यापक अरेझ्की ताग्नी-आमू यांच्या गटाने वर्षानुवर्षे पदपथ, फरशा, भिंती बांधून चाचण्या घेतल्या. त्यानंतरच, २०२० च्या सुमारास, माँट्रियलजवळच्या नन्स बेटावर दोन पूल उभे राहिले. त्यांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या दहाव्या हिश्शाऐवजी काचेची पूड आहे, एकूण सुमारे ४० टन, म्हणजे जवळपास ७० हजार बाटल्या. जिथे हिवाळाभर बर्फ आणि रस्त्यावरचे मीठ काँक्रीट खाते, तिथले हे पूल आहेत. २०२० मध्येच अमेरिकेच्या एएसटीएम या मानक संस्थेने काचेच्या पुडीसाठी सी १८६६ हे स्वतंत्र मानक काढले. पूल हा त्या कामाचा शेवट होता, सुरुवात नव्हे.

यातून पर्यावरणाचे किती भले होते, हे हिशेबानेच बघावे. सिमेंट उद्योगातून जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के वायू बाहेर पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून चुनखडीचाच असतो. भट्टीत चुनखडी फुटते तेव्हा तिच्या पोटातला वायू सुटतो आणि भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. म्हणून सिमेंट कमी वापरणे हाच खरा उपाय. एक घनमीटर काँक्रीटला साधारण ३५० किलो सिमेंट धरले आणि त्यातला पाचवा हिस्सा काचेच्या पुडीने भरून काढला, तर ७० किलो पूड लागते. अर्धा किलोची बाटली धरली तर १४० बाटल्या. एवढ्याने पन्नास-साठ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. दळण्याची वीज आणि वाहतूक त्यातून वजा करायची. देशाचे सिमेंट उत्पादन वर्षाला ४० कोटी टनांवर आहे. तेवढ्याचा पाचवा हिस्सा भरून काढायला लागणारी काच देशात नाही, आणि नसलेलीच बरी. काच सिमेंटचा प्रश्न सोडवणार नाही. ती काचेचा प्रश्न सोडवील आणि जाता जाता सिमेंटला थोडा हातभार लावील.

शिवाय चंद्रपूर, कोराडी, परळीच्या राखेचे ढीग समोर असताना काच दळायची कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. विदर्भात राख वापरणेच शहाणपणाचे. पण गोव्यात, कोकणात किंवा मुंबईत राख लांबून ट्रकने आणावी लागते आणि बाटल्या तिथेच पडलेल्या असतात. जे ज्या गावी साठते ते त्या गावी वापरावे, एवढा साधा नियम इथे पुरतो.

वाळूचे गणित वेगळे आहे. जगात वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी उपसली जाते, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये नोंदवले. नदीपात्रे किती खोल गेली, विहिरींचे पाणी का उतरले आणि वाळूच्या ट्रकसमोर उभ्या राहणाऱ्या तलाठ्यांचे काय होते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण आणले आणि काळ्या दगडाची क्रश सँड आता सर्वत्र पोचली आहे. काचेची वाळू तिच्याशी स्पर्धा करू शकणार नाही, कारण तेवढी काचच नाही. तरीही पाइपांभोवतीची भर, निचऱ्याचा थर, फरशीखालचे भरण अशा ठिकाणी सिमेंटशी संबंध नसलेली काचेची वाळू निर्धोक चालते. तिथे फुगण्याचा प्रश्नच येत नाही. युरोपात काचेची पूड भट्टीत फुगवून हलकी, स्पंजासारखी गिट्टी करतात आणि ती रस्त्याच्या भरावात, घराच्या जोत्याखाली घालतात. ती उष्णता अडवते आणि पाणी धरत नाही.

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर काचेच्या पुडीला एक मोठा गुण आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. दगडखाणीत, वाळू चाळताना, ग्रॅनाइट कापताना उडणारी स्फटिकरूप सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, क्षयरोगाला दार उघडून देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या धुळीला कर्करोगकारक ठरवले. स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत ही सिलिका ९० टक्क्यांच्या पुढे असू शकते. ऑस्ट्रेलियात ती कापणाऱ्या तरुण कारागिरांना सिलिकोसिस झाल्यावर १ जुलै २०२४ पासून त्या फरशीवर बंदी आली. काचेतली सिलिका स्फटिकरूप नसल्याने सिलिकोसिसचा तो धोका तिच्यात फार कमी आहे. काचेचे तुकडे घातलेली मोझेक लादी किंवा काचेपासून केलेला ओटा त्यामुळे निश्चितच बरा.

पण ‘फार कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. कोणतीही बारीक धूळ दम्याच्या रुग्णाला त्रास देते, डोळे आणि घसा जाळते. कचऱ्यातल्या काचेबरोबर चिनी मातीचे आणि फरशीचे तुकडेही दळले जातात आणि त्यांत स्फटिकरूप सिलिका असतेच. ओट्यासाठी वापरलेल्या रेझिनची धूळ वेगळी. म्हणून चक्की बंदिस्त हवी, पाणी मारून दळण हवे, कामगाराला तोंडावरच्या फडक्याऐवजी खरा मास्क हवा. हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरलेला नसेल, तर नदी वाचवल्याचे श्रेय घेताना कुणाचे तरी फुप्फुस खर्ची पडेल.

सगळी काच एका मापाची नसते, हेही तितकेच महत्त्वाचे. जुन्या डबा टीव्हीच्या चित्रनळीच्या मागच्या भागात शिसे असते, ट्यूबलाइटमध्ये पारा. ती काच बांधकामात शिरता कामा नये. तिची जागा ई-कचऱ्यात. गाडीच्या पुढच्या काचेत प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो सोडवावा लागतो. इस्पितळातल्या औषधांच्या कुप्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार निळ्या खोक्यात जातात आणि निर्जंतुक झाल्यावरच पुनर्वापराला योग्य ठरतात. कर्करोगाच्या औषधांनी दूषित झालेल्या कुप्या त्यातून वगळल्या आहेत. आणि एक घरगुती बाब. साखर सिमेंटला आवळू देत नाही, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. सरबताच्या, सॉसच्या, रमच्या न धुतलेल्या बाटल्या थेट चक्कीत गेल्या तर त्या पुडीचे काँक्रीट वेळेवर बसणार नाही. बाटली विसळून देणे ही केवळ सभ्यता नाही, ती काँक्रीटची गरज आहे.

या साऱ्या उत्साहात एक गोष्ट मागे पडू नये. अख्खी बाटली दळणे हा तिचा सर्वांत वाईट उपयोग आहे. ती धुऊन पुन्हा भरणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर ती वितळवून नवी बाटली करणे. एक टन फुटकी काच भट्टीत गेली की सुमारे १.२ टन कच्चा माल वाचतो आणि कच्च्या मालातला दर दहावा हिस्सा काचेचा झाला की भट्टीची ऊर्जा अडीच ते तीन टक्क्यांनी उतरते. काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा दर्जा उतरत नाही, आणि सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरासारख्या सिलिका वाळूच्या खाणींवरचा भारही तेवढा हलका होतो. एकदा काँक्रीटमध्ये गेलेली काच मात्र पुन्हा काच होत नाही. म्हणून सिमेंटच्या वाट्याला यावा तो रंग मिसळलेला, मळका, बारीक झालेला चुराच, जो भट्टीवाला परत पाठवतो. १९०८ मध्ये लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून तळेगावला काच कारखाना काढणाऱ्या आणि ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच वर्षानुवर्षे पुसून वापरणाऱ्या प्रदेशाला ही प्रतवारी कळायला जड जाऊ नये.

अख्ख्या बाटल्या परत कशा मिळवाव्यात, याचा धडा निलगिरीत आहे. तिथल्या जंगलांत फेकलेल्या दारूच्या बाटल्यांनी हत्तींचे पाय फाटू लागले. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि २०२२ पासून सरकारी दुकानांत प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन, बाटली परत दिल्यावर ते परत देण्याची पद्धत सुरू झाली. बहुतांश बाटल्या परत येऊ लागल्या. ना भाषण लागले, ना जनजागृती फेरी. गोव्यानेही २०२४ मध्ये अशा अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली. कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये काढला. महाराष्ट्रात मद्यावरचा कर नेमाने गोळा होतो, सिंहगड ते आंबोलीपर्यंतच्या घाटांत बाटल्याही नेमाने साठतात. या दोहोंचा एकमेकांशी संबंध जोडायला राज्य उत्पादन शुल्क विभागाला हरकत नसावी.

परत न येणाऱ्या काचेसाठी मात्र वेगळी तजवीज लागेल आणि तिथे अडसर तंत्राचा नाही, कागदाचा आहे. २०१६ मध्ये सुधारलेल्या आयएस ३८३ या मानकाने लोखंड, पोलाद आणि तांब्याच्या भट्ट्यांतला स्लॅग, औष्णिक केंद्रांतली तळाची राख, पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटचा चुरा यांना मर्यादेत का होईना, वाट करून दिली. त्या यादीत काच नाही. ज्या मालाला मानक नाही तो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत येत नाही, जो दरसूचीत नाही तो निविदेत येत नाही, आणि निविदेत नसलेला माल कोणताही कंत्राटदार स्वतःच्या जबाबदारीवर वापरणार नाही. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. भारतीय मानक ब्युरोने काचेच्या पुडीसाठी बारीकपणा, अल्कली आणि अशुद्धता यांच्या मर्यादा ठरवल्या, तर पुनर्विकासात पाडल्या जाणाऱ्या इमारतींची तावदानेही डेपोऐवजी चक्कीकडे वळतील. चाचणीची पद्धतही बदलावी लागेल. काचेची पूड सावकाश काम करते. २८ दिवसांच्या नेहमीच्या चाचणीत ती कधी मागे दिसते आणि ९० व्या दिवशी बरोबरी करते किंवा पुढे जाते. ठोकळे २८ व्या दिवशी दाबून निकाल लावला तर चांगला मालही नापास होईल.

राहता राहिला तो पोत्यातला भाव. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक घरोघर जाऊन सुका कचरा वेगळा करतात आणि त्यातले विकून पोट भरतात. त्यांच्या हिशेबात फुटकी काच म्हणजे निव्वळ तोटा. महापालिकांनी प्रभागनिहाय काचेचे वेगळे पिंप ठेवले, जाड हातमोजे आणि ढकलगाडी दिली आणि वजनावर ठरावीक रक्कम मोजली, तरच चक्कीला माल मिळेल. डेपोवर टनामागे होणारा वाहतुकीचा आणि भरावाचा खर्च वाचतो, तो पैसा इथे वळवता येतो. सुरुवात पुलापासून करण्याचेही कारण नाही. एका महापालिकेने एका प्रभागातली काच गोळा करून, नीट बारीक दळून, उद्यानाच्या पदपथाचे ठोकळे आणि गटारांची झाकणे करावीत, त्यांच्या शेजारी साध्या सिमेंटची तेवढीच बसवावीत आणि तीन पावसाळे दोन्हींवरच्या भेगा मोजून आकडे जाहीर करावेत.